वडिलांची सही नसताना मुलांचा पासपोर्ट

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात माहेरी राहते. सात वर्षांपूर्वी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आले, त्या वेळी धाकटा सहा महिन्यांचा होता. त्याच सुमारास मुलांचे वडील कामासाठी सुरतला गेले आणि पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकदा फोन आला होता; आता तो क्रमांकही लागत नाही. आमचा घटस्फोट झालेला नाही आणि कोर्टात कोणताही दावा नाही. माझा भाऊ मस्कतला नोकरीला आहे आणि येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हा तिघांना तिकडे बोलावतो आहे. मुलगी सोळा वर्षांची असून यंदा दहावी उत्तीर्ण झाली. मुलगा साडेसात वर्षांचा आहे. तालुक्याला अर्ज भरून देणारे एक जण म्हणाले की वडिलांच्या सहीशिवाय मुलांचा पासपोर्ट होत नाही, तेव्हा रकान्यात ‘मयत’ लिहून टाका. दुसऱ्यांनी मामाला पालक दाखवा असे सुचवले. मुलगी म्हणते, वडिलांचे नावच नको. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचे नाव नाही आणि माझ्या आधारवर अजून सासरचा पत्ता आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, सर्वांत आधी ‘मयत’ हा शब्द मनातून काढून टाका. तो सुचवणाऱ्याने कदाचित तुमची धावपळ वाचावी म्हणूनच सुचवला असेल, पण त्या एका शब्दाची जबाबदारी तो घेणार नाही. अर्जाखाली सही तुमची असेल. पासपोर्ट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय जिवंत माणसाला मयत दाखवले की मृत्यूचा दाखला मागितला जातो, आणि तो तुम्ही आणणार कोठून? मामाला पालक दाखवण्याचा सल्लाही तसाच टाकाऊ आहे. आई हयात असून मुलांना स्वतः सांभाळत असताना मामा हा प्रेमाने कितीही मोठा असला तरी कायद्याच्या दृष्टीने पालक होत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा आदेश लागतो.

आता मुख्य मुद्दा. वडिलांच्या सहीशिवाय मुलांचा पासपोर्ट होतो आणि त्यासाठी कोणतीही आडवाट धरावी लागत नाही, कारण तुमच्यासारख्या आईची परिस्थिती नियमांनी आधीच गृहीत धरलेली आहे. अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत पालकांचे एक घोषणापत्र द्यावे लागते. पालकांची संमती असते तेव्हा ते परिशिष्ट ‘डी’च्या नमुन्यात देतात, आणि दोघांपैकी एकाची संमती मिळालेली नसते तेव्हा अर्ज करणारा पालक परिशिष्ट ‘सी’च्या नमुन्यात देतो. तुमच्यासाठी ‘सी’ आहे. त्यात दुसऱ्या पालकाची संमती का मिळाली नाही ते लिहायचे असते आणि मुलांचा सांभाळ आपणच करतो हे स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचे असते. हे घोषणापत्र साध्या कागदावर चालते. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले, त्या वेळी सर्व परिशिष्टे साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून स्वीकारण्याचे ठरले. त्यामुळे स्टॅम्प पेपर, नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यांचा शिक्का यांपैकी कशाचीही गरज उरलेली नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

त्या घोषणापत्रात जे लिहाल ते नेमके लिहा, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. ‘पतीचा सात वर्षांपासून काहीच ठावठिकाणा नाही’ हे वाक्य ऐकायला जोरदार वाटते, पण ते तुमच्या बाबतीत पूर्ण खरे नाही, कारण दोन वर्षांपूर्वी फोन आला होता. मुलांचे वडील अमुक वर्षापासून वेगळे राहतात, सुरतला कामाला गेल्याचे माहीत आहे, सध्याचा पत्ता माहीत नाही, अमुक वर्षी एकदा फोन आला होता व आता त्या क्रमांकावर संपर्क होत नाही, मुलांचे पालनपोषण व शिक्षण मी एकटी करते, आणि न्यायालयात घटस्फोटाचा किंवा मुलांच्या ताब्याचा कोणताही दावा नाही, एवढे सरळ लिहिले की पुरे. पुढे कोणी चौकशी केली तरी या वाक्यांतील एकही शब्द तुम्हाला मागे घ्यावा लागणार नाही. मधल्या काळात एखादा दावा दाखल झाला तर मात्र तोही अर्जात सांगावा लागेल.

वडिलांच्या सहीविना आईचे पालकत्व अपुरे आहे का, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आलेला आहे आणि तो निकाल तुम्हाला ठाऊक असावा असे मला वाटते. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही करून अर्ज केला होता, तेव्हा वडिलांची सही आणा नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा, असे त्यांना सांगण्यात आले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असे शब्द आहेत, आणि ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असाच अर्थ तोवर लावला जात होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘नंतर’ याचा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा घ्यावा, आणि वडील मुलांकडे पूर्ण दुर्लक्ष करीत असतील तर तीही अनुपस्थितीच होय. सात वर्षे शिलाई यंत्रावर किंवा शेतात राबून, मुलांची दुखणीखुपणी काढून जी आई त्यांना वाढवते ती त्यांची पालक आहे. पासपोर्ट केंद्राच्या खिडकीपाशी बसताना हे मनात पक्के असू द्या.

आता कागदांकडे येते, कारण माझ्या अनुभवात अर्ज अडतात ते वडिलांच्या सहीपेक्षा कागदांच्या विसंगतीमुळे. माझ्या स्वतःच्या भाचीचा अर्ज एकदा केवळ पत्त्यामुळे परत आला होता. आधारवर एक गाव, अर्जात दुसरे, आणि आम्ही भर उन्हात जळगावला जाऊन रिकाम्या हाताने परतलो होतो. म्हणून भेटीची वेळ घेण्याआधी दोन कामे उरका, आणि त्यांपैकी मुलाच्या जन्मदाखल्याचे काम याच आठवड्यात सुरू करा.

आपल्याकडे बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मुलाचा जन्म अमळनेर शहरातील दवाखान्यात झाला असेल तर नोंद नगरपरिषदेकडे असेल. घरी किंवा गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीकडे. बारसे व्हायच्या आत दवाखान्याने नोंद कळवली की नावाचा रकाना कोरा राहतो आणि दाखल्यावर नुसते लिंग, आईवडिलांची नावे आणि तारीख येते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये बाळाचे नाव नंतर नोंदवण्याची सोय आहे. पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क होते आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, म्हणजे तुम्ही मुदतीत आहात. शाळेचे बोनाफाइड, मुलाचे आधार आणि तुमचा अर्ज घेऊन निबंधकांकडे जा व शाळेत जे नाव आहे तेच तिथे नोंदवा. ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा इतर काही कागद चालतात हे खरे, परंतु दुसरीत शिकणाऱ्या मुलाने शाळा सोडलेलीच नाही, तेव्हा त्याच्यासाठी जन्मदाखला हाच खरा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना तर जन्मदाखल्यावाचून दुसरा कागदच चालत नाही. तुमच्या नात्यागोत्यात तान्ही बाळे असतील तर त्यांच्या आयांना हे आवर्जून सांगा.

नवा दाखला हातात आला की इंग्रजीतील हिज्जे अक्षर न अक्षर पाहा. मराठीत एकच असलेले नाव इंग्रजीत तीन कागदांवर तीन प्रकारे उतरते. ‘ज्ञानेश्वर’ कोठे ‘डी-एन’ने सुरू होते तर कोठे ‘जी’ने, ‘वैष्णवी’ कोठे ‘व्ही’ने तर कोठे ‘डब्ल्यू’ने. जन्मदाखला, आधार, शाळेचे रजिस्टर आणि मुलीचे दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून एकदा शांतपणे वाचा. फरक असेल तर तो पासपोर्टच्या अर्जात लपत नाही, म्हणून आधीच दुरुस्त करून घ्या. दहावीचे प्रमाणपत्र बदलून घेणे कष्टाचे असते, म्हणून शक्यतो त्यावरील हिज्जे कायम धरून बाकीचे कागद त्याला जुळवावेत असे माझे मत आहे.

दुसरे काम तुमच्या पत्त्याचे. तुम्ही सात वर्षे माहेरी राहता, मग अर्जात माहेरचाच पत्ता हवा, कारण पोलीस पडताळणी अर्जातील पत्त्यावर होते. सासरचा पत्ता दिला तर तेथील पोलिसांना तुम्ही त्या घरी सापडणार नाही आणि अहवाल प्रतिकूल जाईल. आधारच्या नोंदीत कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे. तुमचे वडील कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या आधारवरील पत्ता तुम्हाला देऊ शकतात. त्यासाठी नाते दाखवणारा कागद, उदाहरणार्थ दोघांची नावे असलेली शिधापत्रिका, आणि त्यांच्या मोबाइलवरून मंजुरी लागते. मुलांच्या आधारचे पत्तेही त्याच फेरीत पाहा. वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी मुलांच्या बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. तेही राहिले असल्यास उरकून घ्या.

तुमच्या स्वतःच्या नावाविषयी फार चिंता नको. आधारवर सासरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव ही आपल्याकडे बहुतेक विवाहितांची स्थिती आहे. अर्जात आधीचे किंवा दुसरे नाव विचारणारा रकाना असतो, तेथे माहेरचे नाव लिहा. वैवाहिक स्थितीत ‘विभक्त’ हा पर्याय आहे, तो तुमचा आहे. विवाहाचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागण्याची पद्धत २०१६ च्याच बदलांत बंद झाली. तुमचा अर्ज मुलांच्या अर्जांसोबतच करा. आईचे कागद एकाच पत्त्याचे आणि एकाच वेळचे असले की मुलांच्या अर्जांनाही बळ येते.

मुलीसाठी एक निर्णय घ्यावा लागेल. अल्पवयीनांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोवरचा असतो. मात्र पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. अठरापर्यंतचा घेतला तर तो जेमतेम दोन वर्षे टिकेल; एक हजार आणि दीड हजार रुपये एवढाच शुल्कातील फरक पाहता दहा वर्षांचा घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. त्यासोबत दहावीचे प्रमाणपत्र जरूर जोडा. दहावी उत्तीर्ण असलेल्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर तपासणीची, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची, अट लागत नाही. ओमानसह आखातातील देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना ही अट आडवी येते. फिरायला जाणाऱ्यांना नाही, परंतु उद्या ती शिकून कामासाठी निघाली तर आजचा कागद कामी येईल. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा होईल. त्याचे शुल्क एक हजार रुपये असले तरी आठ वर्षांखालील मुलांना नव्या अर्जात दहा टक्के सूट मिळते, म्हणून नऊशे. तुमचे दीड हजार धरून तिघांचे मिळून तीन हजार नऊशे रुपये होतात. तत्काळ योजनेत प्रत्येकी दोन हजार रुपये जास्त जातात. तुमच्या हातात वेळ असताना ते घालवू नका.

अर्ज भरण्यासाठी पासपोर्ट सेवा या शासनाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांची अनेक बनावट संकेतस्थळे आहेत आणि तेथे भरलेले पैसे परत येत नाहीत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे याची खात्री करा. मुलगी अकरावीत आहे, संगणक तिला येत असेल. तिन्ही अर्ज तिच्यासमवेत घरी बसून भरा. दुसऱ्याने घाईत भरलेल्या अर्जात चुका राहतात आणि त्या निस्तरायला आपल्यालाच जावे लागते. टपाल कार्यालयांतून पासपोर्ट केंद्रे २०१७ पासून सुरू झाली आणि जळगावलाही असे केंद्र आहे, त्यामुळे अमळनेरहून सकाळच्या गाडीने जाऊन परत येता येते. तेथे तारीख लांबची मिळत असेल तर नाशिकचे केंद्र पाहा. पोलीस पडताळणी मात्र तुमच्या गावीच होईल.

तिघांची वेळ एकाच दिवशी घ्या आणि मुलांना सोबत न्या, कारण अल्पवयीन मुलालाही स्वतः हजर राहावे लागते. मूळ कागद आणि तुम्ही सही केलेल्या त्यांच्या प्रती वेगवेगळ्या तीन पाकिटांत ठेवा. मुलगा आता स्वतःचे नाव लिहितो, तर सही त्यानेच करायची आहे. आधी चार वेळा गिरवून घ्या. खिडकीवरील कर्मचाऱ्याने वडिलांच्या सहीचा आग्रह धरला तर वाद घालू नका. परिशिष्ट ‘सी’ पुढे करा, आणि तरीही अडले तर हरकत अर्जावर लेखी नोंदवण्याची विनंती करून केंद्रातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटा. लेखी हरकतीला उत्तर देता येते, तोंडी नकाराला येत नाही.

पुढे पोलीस ठाण्यातून बोलावणे येईल किंवा कोणी घरी येईल. पडताळणीसाठी वेगळे शुल्क नसते. आपण येथे किती वर्षे राहतो, मुलांचे वडील कोठे आहेत, असे प्रश्न विचारले जातील; घोषणापत्रात लिहिले आहे तेच सांगा, आणि सात वर्षांचे शाळेचे प्रवेश, लसीकरणाचे कार्ड, बँकेचे पासबुक असे जे काही असेल ते दाखवा. शेजारच्या दोन घरांना आधी कल्पना देऊन ठेवा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार करता तिन्ही पासपोर्ट हाती आल्याशिवाय भावाला तिकिटे काढू देऊ नका. वडिलांशिवाय प्रवास करणाऱ्या मुलांसाठी ओमानच्या व्हिसाला आणि विमान कंपनीला कोणता कागद लागतो, हे त्याला तिथूनच विचारायला सांगा.

एक गोष्ट पासपोर्टबाहेरची, तरीही सांगितल्यावाचून राहवत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. पोटगी मागायची की नाही, हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे, पण आपला हक्क काय आहे एवढे तरी एकदा तिथे जाऊन समजून घ्या.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत नाजूक वाटतो. नियमानुसार अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. एकट्या पालकांना अर्ज करता यावा यासाठीच हा बदल झाला. म्हणजे तिच्या म्हणण्याला कायद्यात जागा आहे. तरीही जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आहे, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिच्या नावापुढे ते आहे आणि तुमच्या घोषणापत्रातही त्यांचा उल्लेख असणार आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असते तर कागदांवर आहे तसेच दोन्ही पालकांचे नाव दिले असते. तिच्या स्वतःच्या नावातील मधले नाव तर या घाईत मुळीच बदलू नये. त्यासाठी राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि मग शाळेपासून आधारपर्यंत सगळेच बदलावे लागते. राज्य शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही आणले आहे. तुमच्या मुलांना तो नियम लागू नाही, पण त्यांच्या पिढीत आईच्या नावाला कागदावर जागा मिळू लागली, हे मुलीला ऐकून बरे वाटेल.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नावाचा निर्णय तिचा तिने घ्यावा, आणि तो कोणताही असला तरी तुम्ही तिच्या पाठीशी असाल, हे तिला आजच सांगा. रकान्यात नाव लिहिणे म्हणजे त्या माणसाला माफ करणे नव्हे, हेही सांगा. आणि परिशिष्ट ‘सी’वर सही करण्यापूर्वी तो कागद तिला वाचायला द्या. तुम्ही काय लिहिले आहे ते तिने पोलिसांच्या तोंडून किंवा खिडकीपाशी उभे असताना पहिल्यांदा ऐकू नये. तिला एखादे वाक्य वेगळे हवे असेल आणि ते खरे असेल, तर तिच्या म्हणण्याप्रमाणे बदला आणि मग सही करा.